एक्क्याऐंशी सेकंदांची किंमत

एका सेकंदाचे बावीसशे तुकडे करा आणि त्यातला एक उचला. गोल्फचा क्लब आणि चेंडू यांची भेट होते ती तेवढ्यापुरती, म्हणजे सुमारे ०.०००४५ सेकंद. (क्लब म्हणजे इथे ज्याने फटका मारायचा ते साधन.) अठरा होलचा पूर्ण डाव नव्वद फटक्यांत संपवणारा माणूस हौशी खेळाडूंमध्ये चांगला मानला जातो. त्याचे चार तास मैदानावर जातात. त्या चार तासांत धातू आणि चेंडू एकमेकांना लागून असतात ते सगळे मिळून ०.०४ सेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हिशेब थोडा पुढे नेऊ. वर्षाला पन्नास डाव, अशी चाळीस वर्षं. फटके झाले एक लाख ऐंशी हजार. स्पर्शाचा एकूण वेळ ८१ सेकंद. एका माणसाचं गोल्फमधलं अख्खं आयुष्य, सगळे शनिवार-रविवार, सगळ्या पैजा आणि सगळी हळहळ, त्या ८१ सेकंदांत ठरतं.

या ८१ सेकंदांसाठी तयार मिळणारा क्लबांचा चांगला संच लाख-दीड लाखाला येतो. कारागिराने हाताने घासून, तोलून, तुमच्या मापाने बांधलेला संच तीन-चार लाखांवर सहज जातो. चार लाख धरले तर दर सेकंदाला साधारण ४,९०० रुपये पडले.

आमच्या भिगवणात गोल्फचं मैदान नाही. इथे उजनी धरणाचं पाणी आहे, मासळीचा बाजार आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या गाड्या आहेत. पण भिगवणची मुलं आता पुण्यात मोठ्या कंपन्यांत आहेत, आणि त्यांतली काही येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर खेळतात. माझा भाचा त्यातलाच. त्याने मला एका हस्तनिर्मित संचाचा भाव पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, घेऊ का? तुम्ही आकडेमोड करता म्हणून विचारतो.” त्याला दोन शब्दांत उत्तर देता आलं असतं. पण आकडे मांडायला बसलो आणि विषय इतका वाढला की तो सगळाच लिहून काढावा असं वाटलं.

हे आकडे फार लहान आहेत, म्हणून मोजायला हाताशी काहीतरी हवं. भिगवणच्या माणसाला ते शोधायला लांब जावं लागत नाही. भादलवाडीच्या हद्दीतला कागद कारखाना नव्वदच्या दशकात इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने उभारला, २००१ मध्ये तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे गेला. ऑफिसात वापरतो तो ए-फोर आकाराचा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा कागद घ्या. असे सोळा कागद जोडले की एक चौरस मीटर होतो, म्हणून एका कागदाचं वजन बरोबर ५ ग्रॅम. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसावा, म्हणजे तो नऊ कागदांच्या बोळ्याएवढा. ड्रायव्हर नावाच्या सगळ्यात लांब क्लबचं डोकं सुमारे २०० ग्रॅमचं, चाळीस कागदांएवढं.

आता त्या ०.०००४५ सेकंदात काय होतं ते पाहा. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं ताशी १८० किलोमीटरच्या पुढे गेलेलं असतं. चेंडू शून्यातून ताशी २७० किलोमीटरच्या वर पोहोचतो, आणि तोही तेवढ्या वेळात. भागाकार केला तर त्वरण येतं गुरुत्वाकर्षणाच्या सतरा हजार पट. नऊ कागदांच्या बोळ्यावर पडणारा सरासरी जोर होतो सुमारे ८०० किलो वजनाचा. ऐन मध्यावर तो याहूनही बराच जास्त असतो. एवढं सगळं होईपर्यंत क्लबचं डोकं पुढे सरकलेलं असतं जेमतेम दोन सेंटिमीटर. त्या दोन सेंटिमीटरनंतर खेळाडूने काहीही केलं, मनगट वळवलं, अंग झुकवलं, देवाचं नाव घेतलं, तरी चेंडूला त्याची खबर नसते.

महागड्या क्लबची जाहिरात ज्या गोष्टीवर उभी असते, ती मला इथेच सगळ्यात आधी तपासावीशी वाटली. घडीव लोखंडाच्या क्लबने मारलं की हाताला लोण्यासारखं लागतं, असं खेळणारे सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, तो अनुभव खरा आहे. पण हाताच्या त्वचेपासून मेंदूपर्यंतचा साधारण एक मीटरचा रस्ता कापायला मज्जातंतूतल्या संदेशाला पंधरा ते वीस हजारांश सेकंद लागतात. स्पर्शाच्या वेळेच्या ते चाळीस पट आहेत. ‘छान लागला’ हे मेंदूला कळतं तेव्हा ड्रायव्हरने मारलेला चेंडू दीड मीटर पुढे गेलेला असतो. ती जाणीव फटक्यात भाग घेत नाही, ती फटक्यानंतर येणारी बातमी आहे. शिकण्यासाठी बातमी मोलाची असते हे मान्य. चांगल्या क्लबवर चेंडू मध्यावर लागला की कडेला, हे स्पष्ट कळतं आणि पुढच्या फटक्यात सुधारणा होते. पण त्या जाणिवेमुळे हाच चेंडू जास्त लांब गेला, असं म्हणता येत नाही.

मग कारागीर नेमकं करतो काय? जपानात हिमेजीचा परिसर या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या मिउरा घराण्याने घडवलेल्या डोक्यांचं नाव जगभरचे दर्दी आदराने घेतात. मऊ कार्बन स्टीलची कांब तापवून ठोकून तिला आकार द्यायचा, मग चाकावर घासून एकेक डोकं ठरल्या वजनाला आणायचं. पोलाद तापवून घडवण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. भिगवणहून बारामतीला जाताना एमआयडीसीत भारत फोर्जचा कारखाना लागतो, आणि पुण्यात १९६१ साली स्थापन झालेल्या ज्या कंपनीने गाड्यांचे क्रँकशाफ्ट घडवून जगाला पुरवले, तिच्या भागातल्या माणसाला घडीव आणि ओतीव लोखंडातला फरक सांगावा लागत नाही. घडवताना धातूचा कण दाबला जातो, पोकळी राहत नाही.

खरं कसब पुढे आहे, तोलण्यात. १९२० च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स या अमेरिकन माणसाने एक तराजू बनवला. क्लब मुठीकडून चौदा इंचांवर टेकवायचा आणि डोक्याकडे तो किती झुकतो ते पाहायचं. याला स्विंगवेट म्हणतात, आणि पुरुषांच्या बहुतेक तयार क्लबवर ते डी-टू च्या आसपास असतं. या मोजपट्टीवर एक घर सरकायला डोक्यात किती वजन वाढवावं लागतं? दोन ग्रॅम. अर्ध्या कागदापेक्षाही कमी. संचातला प्रत्येक आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, आधीच्यापेक्षा अर्धा इंच आखूड आणि सुमारे सात ग्रॅम जड असतो, तो हे गणित सांभाळण्यासाठीच. ढिगाने बनलेल्या डोक्यांमध्ये दोन-तीन ग्रॅमचा फरक चालवून घेतात. कारागीर तो ठेवत नाही. दांड्याचंही तसंच. तो मुठीकडून शिकंज्यात धरून टोक झटकलं की तो मिनिटाला किती वेळा थरथरतो ते मोजतात. साध्या ड्रायव्हरला अडीचशेच्या आसपास आकडा येतो, आणि चांगला बांधणारा सगळ्या संचाचे आकडे एका सरळ रेषेत बसेपर्यंत दांडे बदलत राहतो. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण चेंडू कुठे पडतो यावर त्या चिकाटीचा परिणाम किती? इथे मी एक उदाहरण मांडतो. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत, पण हिशेबाची रीत पक्की आहे. समजा भाच्याचे सेव्हन आयर्नचे फटके स्वतःच्या चुकांमुळे लक्ष्याच्या आजूबाजूला १५ मीटर पसरतात. समजा संचातल्या बारीक विषमतेमुळे आणखी २ मीटरचा विस्कळीतपणा येतो. हे दोन्ही विस्कळीतपणे एकमेकांशी संबंध नसलेले आहेत, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. पंधराचा वर्ग २२५, दोनाचा ४, मिळून २२९, आणि त्याचं वर्गमूळ १५.१३. म्हणजे जगातला सर्वोत्तम कारागीर आणून संच निर्दोष केला तरी पसारा १५.१३ वरून १५ मीटरवर येईल. फायदा तेरा सेंटिमीटरचा.

हाच हिशेब ज्याचा पसारा पाच मीटरच आहे अशा व्यावसायिकाला लावा. २५ आणि ४ मिळून २९, वर्गमूळ ५.३९. त्याचा फायदा ३९ सेंटिमीटर. वस्तू तीच, पण ज्याचा हात आधीच स्थिर आहे त्याला ती तिप्पट फळते. आपल्याकडे वस्तू महाग घेतली की खेळ सुधारतो असं समजतात. गणित उलटं सांगतं. खेळ सुधारलेला असला तरच महागाची वस्तू दिसायला लागते.

तयार संचाला मी सरसकट बरा म्हणतोय असं मात्र समजू नका. आतापर्यंत बोललो ते विखुरलेल्या चुकांबद्दल, ज्या कधी डावीकडे जातात तर कधी उजवीकडे. दुसरी एक चूक असते जी रोज एकाच दिशेला जाते, आणि तिच्यावर सरावाचा उपाय चालत नाही. तयार संच साधारण पाच फूट नऊ-दहा इंचांच्या माणसाला समोर ठेवून बनतो. माझा भाचा पाच फूट चार इंच. त्याचे हात खाली राहत असतील, तर क्लबचं पुढचं टोक जमिनीवरून उचललं जाईल. याला लाय चुकली असं म्हणतात. क्लबचा चेहरा जितका जास्त मागे कललेला, तितकी या चुकीची शिक्षा मोठी. पंचेचाळीस अंशांच्या छोट्या आयर्नमध्ये लाय तीन अंशांनी चुकली तर चेहरा जवळजवळ तीन अंशच डावीकडे पाहू लागतो. १२० मीटरवर हे झाले सव्वासहा मीटर. आणि ज्या होलमध्ये चेंडू घालायचा त्याचा व्यास आहे १०८ मिलिमीटर.

सव्वासहा मीटर, दर फटक्याला, एकाच बाजूला. बिचारा माणूस समजतो आपलं मनगट वळतंय. तो ते वळू नये म्हणून धडपडतो, आणि एका खऱ्या चुकीवर दुसरी बनावट चूक चढवतो. वर्षानुवर्षं असं खेळणारे लोक आहेत. ड्रायव्हरमध्ये हीच तीन अंशांची चूक फारशी जाणवत नाही, कारण त्याचा चेहरा दहाच अंश कललेला. तिथे दिशा जेमतेम अर्ध्या अंशाने बिघडते. त्यामुळे ड्रायव्हरवर पैसे उधळून आयर्न तसेच ठेवणारा माणूस बरोबर उलटं करतो.

एकीकडे तेरा सेंटिमीटर, दुसरीकडे सव्वासहा मीटर. जवळपास पन्नास पट. तेरा सेंटिमीटर मिळतात ते हाताने घडवल्यामुळे. सव्वासहा मीटर मिळतात ते मापाने बसवल्यामुळे. दुकानात या दोन गोष्टी एकाच नावाखाली आणि एकाच किमतीत विकल्या जातात, आणि माझा सगळा आक्षेप याच गोष्टीला आहे. माप आणि हात या वेगळ्या गोष्टी आहेत. मापाचं मोल जवळजवळ प्रत्येक खेळाडूला आहे. हाताचं मोल थोड्यांना.

या दोन्ही गोष्टी किती सुट्या आहेत हे २०२४ च्या यूएस ओपनने दाखवून दिलं. ब्रायसन डिशाँबो ती स्पर्धा जिंकला तेव्हा त्याच्या हातात होते ते आयर्न त्रिमिती छपाईच्या यंत्रातून निघालेले होते. सगळे एकाच लांबीचे, चेहऱ्याला बारीक फुगवटा, आणि फक्त त्याच्यासाठी आखलेले. याहून व्यक्तिगत संच क्वचितच कोणी वापरला असेल, आणि त्याला आकार दिला तो यंत्राने.

आणखी एक भिंत आहे, नियमांची. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब. ड्रायव्हरच्या डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत. चेहरा किती उसळी देईल यालाही मर्यादा, आणि ती तपासायला लंबकाचा धातूचा गोळा चेहऱ्यावर आपटून तो किती वेळ टेकून राहतो हे मोजतात. सवलत धरून परवानगी आहे २५७ मायक्रोसेकंदांची. पन्नास हजारांचा ड्रायव्हर या भिंतीला जवळजवळ टेकलेलाच असतो. पाच लाखांचा तिच्या पलीकडे जाऊ शकत नाही, गेला तर स्पर्धेत चालणार नाही. जास्त पैसे मोजून जास्त अंतर मिळेल असं कोणी सांगत असेल तर त्याला हा आकडा विचारावा.

हाताच्या कामाला यंत्राने हरवल्याची एक जुनी कथाही या खेळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू कातड्याच्या पिशवीत हंसबदकांची उकडलेली पिसं ठासून भरून बनवत. उंच टोपी भरेल एवढी पिसं एका चेंडूत जात. उजनीवर थंडीत उतरणारे पट्टकादंब त्याच कुळातले. त्यांना पाहताना मला हा हिशेब आठवतो. कुशल माणूस दिवसाला तीन-चार चेंडू करी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या अ‍ॅलन रॉबर्टसनच्या दुकानातून १८४४ साली सगळे मिळून २,४५६ चेंडू बाहेर पडले. तेव्हा एक चेंडू क्लबपेक्षाही महाग पडे आणि पावसात भिजला की खराब होई. १८४८ च्या सुमारास गटापर्चाच्या चिकाचा साच्यातला चेंडू आला, किंमत कोसळली, आणि श्रीमंतांचा खेळ शिंपी-सुतारांच्या हाती गेला. पिसांचा चेंडू बनवणाऱ्यांचं कौशल्य अचाट होतं. तरी त्यांच्या चेंडूकडे परत जावं असं कुणा खेळाडूला वाटलं नाही.

आता दुसरी बाजू. गोल्फपटू अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, १९८७ चा. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये त्याने चार डावांचे बहात्तर होल २७६ फटक्यांत पूर्ण केले. कॅमेरून स्मिथने २७५ मध्ये. एका फटक्याचा फरक. पहिल्याला ३६ लाख डॉलर मिळाले, दुसऱ्याला २१ लाख ८० हजार. एका फटक्याची किंमत झाली १४ लाख २० हजार डॉलर, तेव्हाच्या दराने दहा कोटी रुपयांहून जास्त. २७६ फटक्यांतला चेंडू-क्लबचा एकूण सहवास सेकंदाच्या आठव्या भागाएवढा. इतक्या बारीक धारेवर जगणाऱ्या माणसाला ३९ सेंटिमीटर स्वस्त कसे म्हणायचे? त्याने संचातला प्रत्येक ग्रॅम मोजून घ्यावा, कितीही खर्च येवो. (गंमत अशी की अशा खेळाडूंना क्लब बहुधा कंपन्याच देतात. जास्तीची किंमत खिशातून मोजतात ते तेरा सेंटिमीटरवाले.)

आणि काही किमतींचा तर फटक्याशी संबंधच नसतो. टायगर वूड्सने २००० आणि २००१ मध्ये सलग चार मोठ्या स्पर्धा जिंकताना वापरलेला म्हणून सांगितला गेलेला आयर्नचा संच २०२२ मध्ये लिलावात ५१ लाख डॉलरच्या वर गेला, जवळपास ३९ कोटी रुपये. ती इतिहासाची किंमत आहे. जपानच्या होन्मा कंपनीच्या पंचतारांकित संचांत सोनं आणि प्लॅटिनम वापरतात आणि किंमत दहा हजार डॉलरच्या बरीच पुढे जाते. तो दागिना आहे. हौसेने घ्यायला माझी हरकत नाही, फक्त त्यातून चेंडू सरळ जाईल अशी आशा ठेवू नये.

हाताने घडवलेल्या क्लबला एक गुण मात्र असा आहे की तो माप आणि हात यांना पुन्हा जोडतो, आणि त्याची जाहिरात फारशी होत नाही. मऊ घडीव पोलाद वाकतं. शिकंज्यात धरून दोन-तीन अंश सहज वळवता येतं, आणि काही वर्षांनी पाठ दुखायला लागली, उभं राहण्याची ढब बदलली, की परत वळवता येतं. कडक ओतीव स्टेनलेस स्टीलची डोकी तेवढी दाद देत नाहीत, जास्त रेटलं तर तडकण्याची भीती. जो माणूस वीस वर्षं एकच संच वापरणार आहे त्याच्यासाठी हा गुण पैशांत मोजण्यासारखा आहे. वाळूतून किंवा ओल्या गवतातून चेंडू काढायच्या वेजचंही तसंच. त्याचा तळ कुठे किती घासायचा हे तुमची जमीन आणि तुमचा उतरता हात पाहून ठरतं, आणि ते डोळ्याने पाहून चाकावर करणारा जाणकार अजून यंत्राला हार गेलेला नाही. चौदातल्या एक-दोन क्लबांसाठी मी कारागिराकडे नक्की जाईन.

उरलेल्यांचं वजन जुळवणं हे तर घरच्या घरी होण्यासारखं काम आहे. भिगवणच्या बाजारात कोणत्याही सराफाच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो. शिशाची चिकटपट्टी दोन ग्रॅमची कापली की स्विंगवेट एक घर हललं. हिमेजीचा कारागीर ज्या अचूकतेसाठी झटतो तिचा मोठा भाग आज इतका स्वस्त झालेला आहे.

म्हणून भाच्याला मी कळवलं ते असं. संच आत्ता घेऊ नकोस. शनिवारी सरावाच्या जागेवर जाताना एक जाड मार्कर ने. चेंडूवर एक उभी रेघ काढ, ती क्लबच्या चेहऱ्याकडे करून चेंडू ठेव, आणि नाइन आयर्नने मार. रेघेचा ठसा चेहऱ्यावर उमटेल. दहा-बारा चेंडूंचे ठसे पाहा. ठसा उभा असेल तर तुझी लाय बरोबर आहे आणि तुझे चार लाख तुझ्याकडेच राहू दे. ठसा तिरका असेल तर आहे तोच संच घेऊन मापाने क्लब बसवून देणाऱ्याकडे जा, किती अंश वळवायचं ते त्याला त्या ठशावरूनच कळेल. नवीन संच घेण्याच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असतो. आणि तो वळवत असेल तेव्हा तिथेच उभा राहून बघ, ते काम बघण्यासारखं असतं.